गोळीची घाई

पास्कू मेस्त्रीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो केळीच्या खांबाची चिरफाड करत होता. घड उतरवून झालेले सात खांब त्याने भट्टीमागच्या दरडीसमोर एकामागे एक उभे रोवले होते. पहिल्या खांबाला म्हशीचं ओलं कातडं बांधलं होतं, आणि तिसरा खांब कोयत्याने उभा चिरून त्याच्या गाभ्यात बोटं घालून तो काहीतरी चाचपत होता. मी गावात नवा मास्तर. केळीला कीड लागली असेल असं समजून मी तसं विचारलं. त्याने गाभ्यातून शिशाचा एक चपटा गोळा काढला, गुडघ्याला पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"कीड नाय, मास्तरानू. गोळी. हिका घाई जास्त झाली."

घाई म्हणजे वेग. वेग हा शब्द त्याला ठाऊक नव्हता आणि मी सांगितल्यावरही त्याने तो घेतला नाही. गोळीला घाई असते, बंदुकीची दारू जास्त तर घाई जास्त, आणि जितकी लांब जाईल तितकी तिची घाई मोडत जाते, असं तो सांगायचा. पुढे शाळेत मी मुलांना वेग शिकवला तेव्हा माझ्या तोंडून एकदा घाईच बाहेर पडली आणि वर्ग हसला.

गावाचं नाव मी लिहीत नाही. आंबोलीच्या घाटाखाली आहे एवढं पुरे. तिथली माणसं अजून आहेत, आणि मला त्यांच्याशी काही बोलायचं नाही. मी मालवणचा, मासळीच्या वासात वाढलेला. पहिली नेमणूक त्या रानात झाली. गोवा तेव्हा अजून पोर्तुगिजांकडे होता. पास्कू तिकडचाच. पोरवयात एका बंदूक दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली शिकला, लग्न करून अलीकडे आला, बायको वारली, आणि हा ह्या गावात राहून गेला. रानडुकरं भात आणि नाचणी ठेवत नसत, म्हणून बऱ्याच घरांत शेतीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. त्या बंदुका दुरुस्त करायच्या आणि गोळ्या ओतायच्या, हा त्याचा धंदा.

दिसायला काटकुळा. उजवी भुवई एकदा दारूने उडाली होती ती पुन्हा आलीच नाही, त्यामुळे त्याच्या चेहऱ्याची एक बाजू कायम आश्चर्यात पडल्यासारखी दिसायची. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. दारू आधी हुंगायची, मग जिभेच्या टोकाला लावायची आणि थुंकायची. आणि कशालाही एकच उत्तर: "बघूक व्हया," म्हणजे बघायला हवं. पाऊस लांबेल का? बघूक व्हया. मेस्त्री, दुसरं लग्न करतोस का? बघूक व्हया. ह्याला नाव विचारलं तरी आधी बघूक व्हया म्हणेल, असं लोक चेष्टेने म्हणायचे, आणि तोही हसायचा.

पण तो खरंच बघायचा. बाकीचे बार भरायचे ते बोटांनी. दारू घातली, गोळी घातली, ठासली, की ठासायचा गज नळीच्या तोंडाबाहेर किती बोटं उरतो ते मोजायचं. तीन बोटं, चार बोटं. कुणाची बोटं जाड, कुणाची बारीक, ह्याचा विचार कुणी करत नसे. पास्कूने बांबूच्या पेराची मापं करून ठेवली होती. सोनाराकडचा जुना तराजू आणून तो गोळ्या गुंजांवर तोलायचा. रविवारी दुपारी खांब रोवले जायचे. तीन बोटांचा बार, चारचा, पाचचा. पंधरा पावलांवरून, तीस पावलांवरून, साठ पावलांवरून. दर बारानंतर कोयता घेऊन खांब चिरायचे, गोळी किती खांब गेली, किती पसरली, अखंड राहिली की फुटली ते बघायचं. त्याला लिहिता येत नव्हतं. मुलांच्या अर्धवट वापरलेल्या वह्यांत ते मी लिहायचो. चार रविवार गेल्यावर मी शिकार न करताही त्यात पुरता अडकलो होतो.

शिसंही मीच आणायचो. सुट्टीत मालवणला गेलो की किनाऱ्यावर फाटक्या जाळ्यांना लावलेली शिशाची वजनं मिळायची. ते शिसं मऊ, नखाने ओरखडा उठतो असं. त्याची गोळी थोड्या घाईला डुकराच्या कातड्याखाली पसरते आणि आतच राहते, पण पाच बोटांच्या बाराने जवळून मारली तर वरच्या हाडावरच चपटी होते, जनावर पळून जातं आणि तीन दिवस कुठल्या तरी करवंदीच्या जाळीत कुजत मरतं. असं जखमी जनावर सापडलं की पास्कू दोन दिवस भट्टी पेटवायचा नाही. म्हणून त्याने शिशात थोडं कथील घालून पाहिलं. मग एकदा सावंतवाडीत एक छापखाना बंद पडला तिथले छपाईचे झिजलेले खिळे मी पिशवी भरून आणले. अक्षरांचा तो धातू फार कठीण. त्याची गोळी पाच बोटांवर सातही खांब फोडून दरडीत घुसली आणि काढून पाहिली तर जशीच्या तशी गोल. पास्कूने ती बराच वेळ हातात फिरवली.

"ही वायट," तो म्हणाला. "ही थांबाची नाय."

त्या बॅचच्या गोळ्या त्याने वेगळ्या डब्यात ठेवल्या. मी वहीत लिहिलं: खिळ्याची गोळी, पाच बोटं, तीस पावलं, सात खांब पार.

एकदा घाटावरचा एक पेन्शनीत निघालेला सुभेदार आला. त्याच्याकडे चांगली रायफल आणि विलायती काडतुसं. गावठी गोळ्यांची त्याने भरपूर टिंगल केली. पास्कूने त्याला नम्रपणे विचारलं, एक बार पंधरा पावलांवरून काढाल का? सुभेदाराने काढला. पहिल्याच खांबात गोळीचे तुकडे झाले होते, पापडासारखे. मग दूरच्या बांधावरून काढायला लावला, तेव्हा तीच गोळी नीट पसरून चौथ्या खांबात सापडली. सुभेदार चिडला, माल खराब निघाला म्हणाला. पास्कूने मान हलवली. माल उत्तम होता, त्याचं म्हणणं. "ही लांबच्या जनावराची गोळी, सायबा. आमचा जनावर दारात येता." सुभेदाराने जाताना त्याच्याकडून दोन डझन कथील घातलेल्या गोळ्या नेल्या असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. खरं म्हणजे त्याने काही नेलं नाही. तो रागावून निघून गेला. चांगल्या माणसाच्या गोष्टीला आपण असा गोड शेवट लावतो, तो मीही लावला होता.

आता आबांकडे यायला हवं. आबा गावचे मानकरी आणि पोलीस पाटील. शाळेच्या कमिटीवर तेच. माझी खोली त्यांच्या पडवीत. पास्कूची भट्टी आणि झोपडी त्यांच्याच जमिनीवर, तोंडी परवानगीने, आणि बंदूक दुरुस्तीच्या परवान्यासाठी दरवर्षी शिफारस लागायची ती त्यांचीच. मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. गोड बोलायचे, आणि त्यांचं काम व्हायचं.

शिमग्यानंतर गावाची पारध असायची. पंधरावीस हाकारे रानातून आरडाओरडा करत जनावर उठवायचे आणि बंदूकवाले पुढे ठरल्या जागी बसायचे. डुक्कर पडलं की वाटे व्हायचे, पण मुंडी वाट्यात नसे. मुंडी मानाची. ज्याच्या गोळीने जनावर पडलं त्याच्या घरी ती नारळासकट जायची. ज्याच्या दारात मुंडी गेली त्याची गोळी, हे सगळ्या गावाला मान्य. आणि वर्षानुवर्षं ती आबांच्याच घरी जायची, गोळी कुणाचीही असो.

पास्कू वाट्यात मटण मागत नसे. गोळी मागायचा. किरिस्तांव असून डुक्कर सोडून शिसं मागतो, ह्यावर लोक पोट धरून हसायचे. तो आपला जनावर फाडताना शेजारी बसायचा, गोळी निघाली की धुऊन घ्यायचा, केळीतल्या गोळीशी ताडून बघायचा. एका वर्षी अशीच गोळी हातात घेऊन तो सहज म्हणाला, ही सोमाची. सोमा म्हणजे गावाच्या खालच्या टोकाचा एक गरीब कुळातला शेतकरी, नेम अचूक. त्याच्या बंदुकीची नळी बारीक, गोळी सगळ्यांपेक्षा लहान. चूक व्हायला जागाच नव्हती. तोवर मुंडी आबांच्या माणसाने उचललीही होती. मुंडी त्यांच्याच घरी गेली. पण लोक गालात हसले, आणि सोमाची बायको पाणवठ्यावर चार दिवस ताठ मानेने चालली. पास्कूला आपण काय केलं ह्याचा पत्ताच नव्हता. त्याने फक्त बघून सांगितलं होतं.

पुढच्या पारधीआधी आबा स्वतः भट्टीवर आले. मी तिथे वही घेऊन बसलो होतो. त्यांनी पास्कूच्या हाताचं कौतुक केलं, आणि मग आरपार जाणारी गोळी मागितली. आत राहणारी नको.

पास्कू उठून उभा राहिला. "आबानू, ती डुकरात रवाची नाय. भायर पडतली. आणि पलीकडे हाकारे आसतत."

"ती भायर पडाकच व्हयी," आबा हसून म्हणाले.

का ते आम्हा दोघांनाही कळलं. आत राहिलेली गोळी कुणाची ते सांगते. बाहेर गेलेली काही सांगत नाही, आणि मग मानकरी म्हणेल ते खरं. आबा गेल्यावर पास्कू भट्टी फुंकायला बसला. मी म्हणालो, देऊ नकोस. त्याने विचारलं, मग मी राहू कुठे? मी वही मिटली. मी स्वतः त्यांच्या पडवीत राहत होतो. त्याने वेगळा ठेवलेला डबा उघडून बारा गोळ्या आबांना नेऊन दिल्या. तीनच बोटांचा बार भरा, असं पुन्हा पुन्हा बजावून सांगितलं. आबांनी किती भरला ते देव जाणे.

पारधीच्या दिवशी डुक्कर सोमा आणि आबा ह्या दोघांच्या मधून आलं. दोघांनी बार काढले. डुक्कर पडलं आणि त्याच्या मागून जानू नावाचा हाकाऱ्या कुशीला हात लावून खाली बसला. पण तो बोलत होता, पाणी मागत होता, शिव्याही देत होता. लोकांना वाटलं, चाटून गेली असेल. त्याला डोलीत घालून सडकेपर्यंत आणि तिथून सावंतवाडीच्या दवाखान्यात नेलं. वाटे त्या दिवशीही पडले. डुकराला एक भोक आरपार होतं, आणि आबा सर्वांसमोर म्हणाले की आरपार गेली ती माझी. मुंडी त्यांच्या अंगणात गेली. फाडताना खांद्याच्या हाडाखाली एक बारीक, पसरलेली गोळी निघाली. पास्कूने ती धुतली, मला दाखवली. सोमाची होती. ठासणीच्या बंदुकीत गोळी एकच असते, आणि सोमाची ती एक गोळी माझ्या डोळ्यांसमोर पास्कूच्या ओंजळीत होती.

दिवेलागणीला सावंतवाडीहून एक माणूस सायकलवरून आला आणि आबांशी एकांतात बोलून गेला. मी पडवीत होतो. थोड्या वेळाने आबांनी मुंडी केळीच्या पानात बांधून, वर नारळ ठेवून, सोमाकडे पाठवली. निरोप असा, की विचार केल्यावर लक्षात आलं, मान तुझा आहे. सोमाने अंगणात येऊन दोन्ही हातांनी मुंडी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दारात मान आला होता. त्याच्या बायकोने आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घातलं म्हणे. तासाभराने गावात कळलं की जानू गेला.

इतका साधा डाव, आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. दुपारी आरपार गोळी आबांची होती, संध्याकाळी ती सोमाची झाली, आणि सोमाने ती नारळासकट घेतली होती. फौजदार आले तेव्हा पंचांनी हेच सांगितलं: मुंडी त्याच्या घरी गेली, त्याने घेतली, म्हणजे गोळी त्याची.

फौजदार माणूस वाईट नव्हता. जानूच्या अंगातून निघालेली गोळी कागदात बांधून ते भट्टीवर आले. ही कुणाच्या बंदुकीची ते हा मेस्त्री सांगू शकतो, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. आबा सोबत होते. मीही होतो. कागद उघडला. गोळी गोल, जशीच्या तशी, खिळ्यांच्या धातूची, सोमाच्या नळीत उतरणारही नाही एवढी मोठी. पास्कूने ती तराजूत घातली. गुंजा टाकल्या, काढल्या, पुन्हा टाकल्या.

"काय मेस्त्री? कोणाची गोळी?" फौजदारांनी विचारलं.

"सांगाक येणा नाय, सायबा."

बघूक व्हया नाही. त्याने बघितलं होतं, तोललं होतं, आणि मग हे म्हणाला. फौजदार माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही ह्यांच्या प्रयोगांची टिपणं ठेवता, असं ऐकलं." मी म्हणालो, मुलांच्या वह्यांत कधीतरी काहीबाही खरडलंय, त्यात विशेष काही नाही. आबांनी त्यांना चहाला नेलं.

ते गेल्यावर मी पास्कूवर चिडलो. अगदी मनापासून चिडलो, ह्याची आज जास्त लाज वाटते. सोमाची गोळी कुठे आहे, विचारलं. सकाळीच वितळवली, म्हणाला. का, म्हणून मी ओरडलो. तो तराजूच्या साखळ्या गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "तुमी कित्याक नाय बोललास?"

सोमाला दोन वर्षांची सजा झाली. बंदूक जप्त झाली. पास्कूचे रविवार बंद पडले. भट्टी चालू होती, पण आता कुणी गोळी मागितली की तो जनावर कुठलं, लांबून की जवळून, बार किती बोटांचा, काही विचारायचा नाही. किती व्हयी एवढंच विचारायचा आणि मोजून द्यायचा. परवान्याची शिफारस दरवर्षी वेळेवर मिळाली. आबा येता जाता त्याची चौकशी करत. माझीही बदली मी मागितली तिथे, वेंगुर्ल्याला, सहज झाली. ती कुणाच्या शब्दाने झाली हे मी विचारलं नाही.

निघालो तो दिवस भात पोटरीत आलेलं असतानाचा. सोमा अजून सुटला नव्हता. एस.टी. सडकेवर यायची, आणि सडकेची वाट सोमाच्या शेतावरून जायची. बंदूक गेल्यापासून ते शेत डुकरांनी दोन्ही वर्षं उलथंपालथं केलेलं. उन्हं कलली होती. बांधावर पास्कू उभा होता आणि काठीने रॉकेलचा रिकामा डबा बडवत होता. रानाकडे तोंड करून, संथपणे, एकाच तालात. गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं की तो रोज येतो. मी त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

मी थांबलो. त्याने मला पाहिलं पण बडवणं थांबवलं नाही. इतक्यात सोमाची बायको घराकडून आली. ती त्याच्यासमोर उभी राहिली तेव्हा त्याचा हात खाली आला. तो काहीतरी पुटपुटला. मला शेवटचे शब्द तेवढे ऐकू आले: गोळी आबांची होती.

"ठावक आसा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "गावात सगळ्यांक ठावक आसा. पन इचारल्यानी तुका."

तिने त्याच्या हातातून डबा काढून घेतला, मग काठी घेतली, बांधावर बसली आणि रानाकडे तोंड करून स्वतः बडवायला लागली. पास्कू तसाच उभा राहिला. हात रिकामे, भुवई नसलेली ती बाजू माझ्याकडे. जा असं ती म्हणाली नाही, आणि तो गेलाही नाही.

विचारलं मलाही होतं. हे तिला कळलेलं नसावं, अशी आशा मी त्या दोन क्षणांत केली. तिने मान न वळवता, डबा बडवत बडवतच म्हटलं, "मास्तरानू, जावा आता. तुमची गाडी चुकतली."

गाडी चुकली नाही.